माझ्या हातातला माउस न घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठे छापायचे नाही, असे तुम्ही मला बजावले होते आणि ते मी पाळते आहे. पण आभार जाहीरपणे मानू नका, असे काही तुम्ही म्हटले नव्हते. वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या आहात. तरीही मी तुम्हाला ताई म्हणते, कारण पन्नाशीच्या उंबरठ्यावर ज्यांनी मला पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहायला शिकवले, त्यांना एकेरी हाक मारणे मला जमणार नाही. नोकरीसाठी तुम्ही पुण्याला निघालात तेव्हाच हे सारे बोलायचे होते, परंतु घरात पाहुण्यांची वर्दळ होती आणि माझाही कंठ दाटून आला होता, म्हणून राहून गेले.

तुमच्याआधी मी शिकायचा प्रयत्न केला नव्हता, असे नाही. शहरातल्या एका संगणक वर्गात मी फी भरून नाव घातले होते. तिथे व्याख्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि यंत्रासमोर बसल्यावर काही अडले, तर शिकवणारे येऊन बाजूने हात घालत, माउस स्वतःकडे घेत, दोनचार ठिकाणी टिचकी मारत आणि स्क्रीनवर सगळे सुरळीत झालेले मी पाहीपर्यंत ते पुढच्या मुलाकडे गेलेले असत. काय बिघडले होते आणि कशाने सुधारले, असे विचारले की ‘काकू, तुम्हाला एवढं खोलात जायची गरज नाही’ हे उत्तर ठरलेले होते. अभ्यासक्रम संपला, प्रमाणपत्र मिळाले आणि त्याबरोबर हे आपले काम नव्हे, अशी एक पक्की समजूत घेऊन मी मखमलाबादला परतले. शिकायला आलेल्या माणसाला असे परत पाठवणे हा अन्याय आहे आणि त्याचा राग मला आजही आहे.

घरातही फार वेगळे नव्हते. मुले मायाळू आहेत, पण फोनवर किंवा लॅपटॉपवर काही विचारले की ‘आई, दे इकडे’ म्हणून हातातून घेतात आणि करून देतात. त्यांच्या मनात मदतच असते, हे मला कळते. पण अशा मदतीने माणूस दर वेळी थोडा थोडा परावलंबी होत जातो.

तुम्ही माझी फवारणीची वही पाहिली, तिथून हे सुरू झाले. आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत प्रत्येक प्लॉटची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, वेगवेगळ्या तारखेला होते आणि त्यानंतरचे सगळे काम छाटणीपासूनचा कितवा दिवस आहे, यावर चालते. शिवाय माल निर्यातीचा असेल, तर प्रत्येक औषधाचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायचे दिवस, काटेकोरपणे पाळावे लागतात. नाहीतर रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या, अहवालात वर्षाची मेहनत अडकते. हा सारा हिशोब मी वर्षानुवर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून करत होते. वही चाळून झाल्यावर तुम्ही म्हणालात, ‘काकू, यातला विचार तुम्ही केलेलाच आहे, आता तो फक्त पायथनला सांगायचाय.’ या कामात मी आधीपासून काही करते आहे, असे मला तोवर कोणीही म्हटले नव्हते.

पण तुम्ही फवारणीपासून सुरुवात केली नाहीत, कापरेकरांपासून केलीत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ या काळात आमच्या नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवले आणि त्यांच्या नावाचा स्थिरांक आज जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक आहे, हे इतक्या जवळ राहून मला माहीत नव्हते. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे, मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. तुम्ही ३५२४ ही संख्या दिलीत. मी वहीत ५४३२ मधून २३४५ वजा करून ३०८७ काढले, मग ८७३० मधून ०३७८ वजा करून ८३५२ आणि शेवटी ८५३२ मधून २३५८ वजा करून ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. हाच तो स्थिरांक. ‘हेच आता मशीनकडून करून घ्या,’ असे म्हणून तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत.

प्रोग्राम लिहून झाला, चालला, आणि मी एकामागून एक संख्या देत सुटले. मग २१११ दिली आणि उत्तर शून्य आले. पुन्हा दिली, पुन्हा शून्य.

ताई, या पत्रात मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते त्या क्षणाबद्दल. तुम्हाला चूक तत्काळ दिसली होती. तुमचा उजवा हात टेबलावरून पुढे आला, कीबोर्डच्या कडेपर्यंत आला आणि तिथून तुम्ही तो मागे घेतलात. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून तुम्ही शांत बसलात. तुमच्या आईंनी चहा आणला, तो निवला. तुम्ही घड्याळाकडे पाहिले नाहीत, उसासा टाकला नाहीत, ‘सोपं आहे हो’ असेही म्हणाला नाहीत. बऱ्याच वेळाने एवढेच विचारलेत, ‘पहिल्या वजाबाकीचं उत्तर कागदावर तुम्ही कसं लिहाल?’ मी २१११ मधून १११२ वजा केले आणि सवयीने चार घरे भरण्यासाठी ०९९९ लिहिले. लिहिताना पेन तिथेच थांबले. मी पुढचे शून्य लिहिले होते, मशीनने ते टाकून दिले होते. त्याच्या लेखी उत्तर नुसते ९९९ होते, ते उलटसुलट कसेही मांडले तरी ९९९ च, आणि ९९९ मधून ९९९ गेले की शून्य. उत्तर नेहमी चार अंकांत धरायचे, एवढे सांगणारा तुकडा मी स्वतः लिहिला आणि ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२ असे करत प्रोग्राम ६१७४ वर येऊन थांबला.

तो हात तुम्ही पुढे नेला असता, तर अर्ध्या मिनिटात काम झाले असते आणि आणखी एक गोष्ट मला आली नाही, अशी नोंद माझ्या मनात झाली असती. तुम्ही हात मागे घेतलात म्हणून ती दुरुस्ती माझी झाली. त्या संध्याकाळी मी १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या प्रोग्रामला दिल्या. ११११, २२२२ अशा नऊ सोडून उरलेल्या सगळ्या, म्हणजे ८९९१ संख्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचल्या. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः तपासून मला ही गोष्ट ठाऊक झाली आहे, ही जाणीव त्या दिवशी मला आयुष्यात जवळजवळ पहिल्यांदा झाली. शाळेत गणित मी पाठ केले होते. ते तपासता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

कापरेकरांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नव्हते आणि आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम फारसे गांभीर्याने घेतले नाही. १९७५ साली अमेरिकेत गणितावर सर्वांना समजेल असे लिहिणारे लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि मग त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. तुम्ही हे सांगितलेत तेव्हा मला त्या संगणक वर्गातले ‘खोलात जायची गरज नाही’ आठवले. कोणाला किती खोलात जायचे आहे, हे दुसऱ्याने ठरवू नये.

आता बागेचा हिशोब मी लिहिलेला प्रोग्राम करतो. त्यात छाटणी, फवारणी, औषध, प्लॉट ही नावे मी देवनागरीतच ठेवली आहेत. पायथनला ती चालतात, हे तुम्ही दाखवलेत तेव्हा झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. आज्ञा इंग्रजीतल्याच राहतात, त्याला इलाज नाही. परंतु ज्या वस्तूंचा हिशोब करायचा, त्यांना मी घरात ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने तिथेही मारता येते. देवनागरी आकड्यांत टाइप केलेले ‘४५’ सुद्धा तो नीट वाचून संख्येत बदलून घेतो. आजच्या तारखेतून छाटणीची तारीख वजा झाली की प्लॉटचा दिवस कळतो. प्रत्येक फवारणीच्या तारखेत त्या औषधाचा पीएचआय मिळवून येणाऱ्या तारखांपैकी सर्वांत उशिराची काढली की काढणी कधीपासून करता येईल ते कळते. आता व्यापारी सौद्याला आला की यजमान आधी मला तारीख विचारतात.

परंतु मिळाले ते एवढेच असते, तर मी पत्र लिहिले नसते. चांगला हिशोब विकतही मिळतो. लाल अक्षरांतला एररचा संदेश पूर्वी मला दटावणीसारखा वाटायचा. तो शेवटच्या ओळीपासून वाचायचा, कोणत्या ओळीत काय खटकले ते त्यातच लिहिलेले असते, ही सवय तुम्ही लावलीत आणि ती माझ्या इतर वागण्यातही उतरली आहे. बँकेचे पत्र असो, प्रयोगशाळेचा अहवाल असो, आता मी ते कोणाच्या हाती सोपवण्याआधी स्वतः शेवटपर्यंत वाचते. एखादी मोठी अडचण आली की तिचे लहान तुकडे करून त्यातला कोणता तुकडा खरोखर बिघडला आहे, ते पाहते. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर तासभर मी लॅपटॉपसमोर बसते, तो वेळ पूर्णपणे माझा असतो आणि त्यात मी कोणाची आई किंवा कोणाची सून नसते. या वयात आपले डोके नवीन काही घडवू शकते, ही खात्री फार सुखाची आहे.

आपल्याकडे मदत म्हणजे करून देणे, असे मानले जाते आणि अनेकदा ते खरेही असते. आजारी माणसाला, संकटातल्या माणसाला करूनच द्यावे लागते. पण शिकणाऱ्यासमोर, आपल्याला येत असूनही, थांबून राहणे ही निराळी सज्जनता आहे. तिला वेळ लागतो आणि समोरच्याच्या बुद्धीवर विश्वास लागतो. अर्ज स्वतः भरून न टाकता आपल्याकडे वळवून कुठे काय लिहायचे ते दाखवणारा कारकून, धाकट्या जावेला पहिल्यांदा पुरणपोळी लाटू देणारी आणि फाटली तरी पोळपाट न ओढणारी थोरली जाऊ, अशी माणसे मला आता ओळखू येऊ लागली आहेत. ती थोडी असतात आणि त्यांचे कौतुक क्वचितच होते, कारण त्यांनी काही केलेले कोणाला दिसत नाही.

पुढचा प्रश्न माझ्यापुढे पावसाचा आहे. फवारणीनंतर काही तासांत सर आली, तर ती फवारणी हिशोबात कशी धरायची, याचा नियम मी सध्या कागदावर मांडते आहे. तुम्ही दिवाळीला घरी याल तेव्हा तो दाखवीन; तोवर मला उत्तर पाठवू नका.

तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. दुसऱ्याला पुरेसा वेळ द्यावा, हे मुलीला ज्या घरात शिकायला मिळाले, त्या घराचेही मी मनापासून आभार मानते.

तुमची विद्यार्थिनी,
मखमलाबादच्या काकू