निकाल शंभर टक्के, मग बाकीची मुले गेली कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की गोव्यात साखळीपासून फोंड्यापर्यंत रस्त्याच्या कडेला महाविद्यालयांचे फलक झळकू लागतात. निकाल ९८ टक्के, निकाल १०० टक्के. माझी सगळी नोकरी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली. परीक्षेचे फॉर्म आणि जनरल रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचे, त्यामुळे हा आकडा कसा जन्माला येतो ते मला चांगले ठाऊक आहे. टीवायच्या परीक्षेला किती बसले आणि त्यांतले किती पास झाले, एवढाच तो हिशेब. एफवायला प्रवेश घेऊन एसवायच्या आधीच निघून गेलेली मुले त्यात कुठेच येत नाहीत. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या अहवालातला निकालाचा रकानाही शेवटच्या वर्षापुरताच. अर्धा वर्ग वाटेत गळाला तरी उरलेले सगळे पास झाले की शंभर टक्के लिहायला महाविद्यालय मोकळे.

ही गळती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण कुणी 'मी शिक्षण सोडतो' असा अर्ज देऊन जात नाही. गणेश चवथीची सुट्टी संपते आणि मागची बाके रिकामी दिसायला लागतात. मग दुसऱ्या सत्राचा फॉर्म भरायला पोर येत नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांनी तेच पोर खिडकीशी येते ते लिव्हिंग सर्टिफिकेट न्यायला, तोवर ते औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागलेले असते, नाहीतर कळंगुटच्या हॉटेलात. मुलगी असेल तर बहुतेक वेळा येतच नाही, भाऊ येतो. यांतली पुष्कळशी मुले नापासही नव्हती. खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या तेव्हा सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोड्याकडची मुले फीच्या आठवड्यात खिडकीशी उभी राहून हळूच विचारायची, "मॅडम, पयशे मागीर हाडून दिल्यार जाता?" (पैसे नंतर आणून दिले तर चालतील?) रक्कम अशी की पणजीत एका बऱ्या हॉटेलात चौघांनी जेवावे. आणि माझ्या हातात 'मुदत संपली' एवढेच सांगणारे परिपत्रक.

माझी भाची न्यूयॉर्कला ब्रॉंक्समधल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, सल्लागार आहे. तिच्याकडे येणारी बरीच मुले लॅटिनो, म्हणजे पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक, मेक्सिको इथून आलेल्या घरांतली. पंचविशीच्या पुढच्या लॅटिनो लोकांत पदवी घेतलेले अमेरिकेत साधारण पाचात एक, तर गोऱ्यांमध्ये पाचात दोन. मुले कॉलेजात जातात, पण पुरे करत नाहीत. कारणे ऐकली आणि मला आमचीच खिडकी आठवली. घरातून कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच पोर, संध्याकाळी काम, लहान भावंडे सांभाळायची, फॉर्म समजावून सांगणारे घरात कुणी नाही. तिथली फी डोळे पांढरे करणारी आणि आपल्या सरकारी महाविद्यालयातली तशी नाममात्र, हा फरक मोठाच. पण फी नाममात्र असूनही आपली मुले गळतात, हे जास्त लाजिरवाणे नाही का?

तिथे त्यांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायचे ही अट. बदल्यात फीची उरलेली रक्कम माफ, पुस्तकांना मदत आणि सल्लागाराची नियमित गाठ. अशा सल्लागाराकडे साठ-ऐंशी मुले, जिथे एरवी एकाकडे सहाशेहून जास्त असायची. आणि मला सर्वांत आवडले ते हे, की बस-मेट्रोचा महिन्याचा पास फुकट, पण सल्लागाराला भेटत राहिलात तरच. म्हणजे पासासाठी का होईना, पोर दर महिन्याला कुणाच्या तरी डोळ्यांसमोर येणार. अभ्यासात कच्च्या असलेल्या गरीब मुलांच्या चिठ्ठ्या काढून दोन गट केले आणि तपासले. तीन वर्षांत पदविका मिळवणारी मुले नेहमीच्या गटात शंभरात २२, तर एसॅपच्या गटात ४०. त्यांत लॅटिनो मुले भरपूर होती. खर्च दरडोई बराच वाढला, पण मिळालेल्या प्रत्येक पदविकेमागे पाहिला तर उलट कमीच निघाला.

अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा उपाय याहून साधा. काहीशे डॉलर थकले म्हणून दर सत्राला मुलांची नावे कमी होत. २०११ पासून विद्यापीठाने स्वतःच यादी पाहून, अर्ज न मागता, ती थकबाकी भरायला सुरुवात केली. बाकीचे उपायही होतेच, पण २००३ च्या आसपास तिथे पदवीपर्यंत पोचणारे लॅटिनो विद्यार्थी शंभरात पंचवीसही नव्हते, ते पुढे निम्म्याच्या वर गेले.

हे सगळे मोजता आले, कारण तिथे १९९० च्या एका कायद्याने केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला सांगावेच लागते की अमुक साली आत आलेल्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळात बाहेर पडले, पदवी घेऊन. आपल्याकडे मोजणीच दारातून बाहेर पडणाऱ्यांपासून सुरू होते.

आता नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर पळवाटच करून दिली आहे. गोव्यात २०२३-२४ पासून ते पदवीला लागू झाले. एका वर्षाने सोडले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत यायची सोयही आहे. सोय वाईट नाही, कागद हातात असलेला बरा. पण उद्या एफवायनंतर गेलेल्या पोराची नोंद 'सर्टिफिकेट घेऊन यशस्वी' अशी होईल आणि गळती कागदावरून नाहीशी होईल, ही माझी भीती आहे. कागद कसे रंगवतात ते मी जवळून पाहिले आहे. प्रत्येक वीस-पंचवीस मुलांमागे एक प्राध्यापक मेंटर, ही कल्पना आपल्याकडेही आहे. आमच्याकडे नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात त्या मेंटरच्या डायऱ्या एका बैठकीत भरल्या जायच्या, शाई तरी वेगवेगळी वापरा असे मीच सुचवायची.

उच्च शिक्षण संचालनालयाकडे माझे मागणे फार नाही. २०२३-२४ च्या तुकडीपासून प्रत्येक महाविद्यालयाने दर्शनी भागात लावावे: आत आले किती, पदवी मिळाली किती, सर्टिफिकेट-डिप्लोमावर गेले किती. हे तालुकावार आणि अनुसूचित जमातीच्या मुलांचे वेगळे असावे. गावडा, कुणबी, वेळीप यांना हा दर्जा मिळून २००३ पासून इतकी वर्षे झाली, त्यांची किती मुले शेवटपर्यंत टिकली हे कळायला नको? परीक्षा फी थकलेल्यांची यादी मुदतीआधी प्राचार्यांकडे जावी आणि विद्यार्थी कल्याण निधीतून ती भरली जावी. वाळपईपलीकडच्या, नेत्रावळीकडच्या मुलांना बसचा पास मेंटरच्या टेबलावरूनच महिन्याच्या महिन्याला मिळावा. या वर्षी एखाद्या सरकारी महाविद्यालयाने करून पाहावे. यादी बनवायला माणूस हवा असेल तर मी रिकामीच आहे, बिनपगारी येईन.

आपली,
एक निवृत्त मुख्य कारकून, सत्तरी