विरघळणारी पाटी नागपूरच्या उन्हात टिकेल का?

माननीय संपादक महोदय,
स. न.

ई-कचऱ्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून येणाऱ्या मजकुरात जमा झालेल्या कचऱ्याचे काय करावे, याची चर्चा पुष्कळ असते. ती वस्तू मुळात कशापासून बनवावी, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी अनेक वर्षे वीजतंत्री शाखेच्या मुलांना मोटार वाइंडिंग, म्हणजे मोटारीत तारेची वेटोळी भरणे, शिकवले, आणि वाइंडिंगचा निम्मा भाग म्हणजे इन्सुलेशन (वीज भलतीकडे जाऊ न देणारे आवरण), म्हणून या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहीत आहे.

जगात 2022 या एका वर्षात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील अवघा 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या 2024 च्या जागतिक अहवालात नमूद आहे. भंगारवाल्याकडे गेलेल्या जुन्या टीव्हीतले तांबे, लोखंड आणि अॅल्युमिनियम विकले जाते. मागे राहते ती हिरवी पीसीबी, म्हणजे सर्किटचे सुटे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती पाटी. ही पाटी काचतंतूंचे कापड एपॉक्सी राळेत बसवून तयार करतात आणि ती पेट घेऊ नये म्हणून तिच्यात बहुधा ब्रोमीनयुक्त रसायन असते. एकदा घट्ट झालेली एपॉक्सी पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तिच्यावरचे तांबे सोडवण्यासाठी अनेक ठिकाणी पाटी सरळ जाळली जाते, आणि त्या धुराचा वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

या पाटीला पर्याय शोधण्याचे काम परदेशात बरेच पुढे गेले आहे. ब्रिटनमधील जीवा मटेरियल्स या कंपनीने जवसाच्या धाग्यांपासून ‘सोलुबोर्ड’ नावाची पाटी बनवली असून सुमारे 90 अंशांच्या पाण्यात ती अर्ध्या तासात सुटी होते, वरचे सुटे भाग हाती लागतात आणि उरलेल्या धाग्याचे खत होऊ शकते. ऑस्ट्रियातील लिंझ येथील संशोधकांनी 2022 मध्ये भूछत्राच्या तंतुजालाच्या पातळ सालीवर सर्किट उभारून दाखवले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या एम्पा या संस्थेने कागद, मीठ, जस्त आणि ग्रॅफाइट यांची अशी बॅटरी सादर केली, जी दोन थेंब पाणी टाकताच सुरू होते; दोन सेलवर त्यांनी गजराचे घड्याळ चालवून दाखवले.

यातील मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट लाखेची आहे. लिंझच्या संशोधकांनी 2013 मध्ये लाखेच्या थरावर ट्रान्झिस्टर तयार केले होते, आणि एम्पाने कार्बनची वीजवाहक शाई बांधून ठेवण्यासाठी लाखच वापरली. आमच्या धंद्याला यात नवल वाटू नये, कारण विजेच्या सुरुवातीच्या काळात तारेच्या वेटोळ्यांना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचाच (शुद्ध केलेल्या लाखेचाच) हात दिला जात असे, आणि लिओ बेकलंड यांना 1907 मध्ये बेकेलाइट सापडले तेही लाखेला स्वस्त पर्याय शोधता शोधता. म्हणजे ज्या लाखेला बाजूला सारून प्लास्टिक आले, तीच आता प्लास्टिकला पर्याय म्हणून परत येत आहे. ही लाख पूर्व विदर्भात गोंदिया-गडचिरोलीकडे पळसाच्या फांद्यांवर होते. जवस आपल्याकडे तेलासाठी आणि चटणीसाठी पेरले जाते; धाग्याचे वाण उंच व कमी फांद्यांचे असल्याने ते निराळे, पण पीक तेच. कापसाच्या सरकीवरचे आखूड तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतात, आणि पऱ्हाटी मात्र शेतकरी दरवर्षी बांधावर पेटवून देतो.

कच्चा माल दारात असला तरी वस्तू चालेलच असे नाही, आणि माझे खरे म्हणणे इथेच आहे. हे बहुतेक प्रयोग थंड हवेच्या देशांत झालेले आहेत. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे जैवप्लास्टिक 55 ते 60 अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर त्याहून अधिक तापमान सहज होते. गंमत अशी की हेच पीएलए कुजण्यासाठी मात्र आठवडेच्या आठवडे साधारण तेवढेच तापमान आणि ओल लागते, जी औद्योगिक खतप्रकल्पात मिळते. घरच्या कुंडीत किंवा भांडेवाडीच्या कचराडेपोतल्या ढिगात ती मिळेल याची खात्री नाही. पावसाळ्याची अडचण वेगळी आहे. सुती इन्सुलेशनच्या मोटारीने श्रावणात ओल धरली की मेगरचा (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राचा) काटा शून्याकडे कसा झुकतो, हे प्रत्येक वाइंडरला ठाऊक असते, आणि जवसाचा धागाही ओल ओढणारच. त्यावर राळेचा लेप हा उपाय खरा, पण कूलरमधले हनीकॉम्ब पॅड पाहा: ते मुळात कागदच, पाण्यात टिकते ते राळेमुळे आणि राळेमुळेच ते वाळ्याच्या किंवा लाकडी किसाच्या ताट्यांसारखे लवकर कुजत नाही.

म्हणून फ्रीज, पंखा, कूलरची मोटार अशा वर्षानुवर्षे चालवायच्या वस्तूंत कुजणारा माल घालण्याचा आग्रह मला चुकीचा वाटतो. त्या टिकाव्यात आणि दुरुस्त व्हाव्यात, एवढेच पुरे. पार्सलवरचे आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी ओळख पटवणाऱ्या चिपच्या चिठ्ठ्या), एकदाच वापरायच्या वैद्यकीय पट्ट्या, गाणारी शुभेच्छापत्रे, एका हंगामापुरते शेतात पुरायचे ओलावामापक यांची गोष्ट वेगळी. त्यांचे आयुष्यच काही दिवसांचे किंवा महिन्यांचे असते, त्या गोळा करून आणणे कोणालाच परवडत नाही, आणि तिथेच लाख, कागद व जस्त यांना खरी जागा आहे. सिलिकॉनची चिप बनवायला लागणारी वीज आणि पाणी यांचा प्रश्न यातून सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

कुजणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस 17088 हे मानक आहे, पण ते प्लास्टिकसाठी, सर्किटसाठी नव्हे. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. या तिघांनी मिळून एक साधी चाचणी ठरवावी, अशी माझी विनंती आहे. लाख, जवस आणि सरकीच्या तंतूंपासून बनवलेल्या पाट्या एक उन्हाळा गच्चीवर ठेवाव्यात, एक पावसाळा उघड्यावर ठेवाव्यात, दर आठवड्याला त्यांचे इन्सुलेशन मोजावे, आणि शेवटी त्या इथल्याच मातीत पुरून किती दिवसांत कुजतात ते पाहावे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. मोजमापासाठी माणूस कमी पडत असेल तर माझा 500 व्होल्टचा जुना मेगर अजून चालू स्थितीत आहे आणि मी दर आठवड्याला यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री)
मानेवाडा, नागपूर