नॉब बिघडला म्हणून कंट्रोलर टाकू नका

संपादक महोदय,
डिजिटल मॉडेल रेल्वेच्या (खेळण्यातल्या छोट्या आगगाडीच्या) कंट्रोलरचा नॉब पुढे फिरवला तरी स्पीड मध्येच मागे येतो, की दुकानदार लगेच म्हणतो, बोर्ड गेला, नवीन घ्या. अहो, आधी स्क्रीन तर बघा! आकडा सरळ चढतोय आणि इंजिनच गचके खातंय तर रूळ-चाकं पुसा, आकडाच उड्या मारतोय तर दोष नॉबखालच्या रोटरी एन्कोडरचा, म्हणजे नॉब कुठे आणि किती फिरला हे कंट्रोलरला सांगणाऱ्या भागाचा. त्यात दोन कॉन्टॅक्ट एकापाठोपाठ एक जुळतात, त्या क्रमावरून दिशा कळते, धूळ बसली की क्रम चुकतो. पॉवर काढून दांड्याच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा (बिजागरीचं तेल नको हं), नॉब दोन्हीकडे भरपूर फिरवा, वाळू द्या. नाहीच जमलं तर एन्कोडरच बदला, पण तसाच दिसणारा पोटेन्शिओमीटर (फिरवला की विजेचा रोध कमी-जास्त करणारा भाग) आणू नका, तो तिथे चालत नाही.
– एक वाचक, पुणे