गळती आणि घरघर: गॅरेजवाल्या काकांना पत्र

प्रिय काका,

गाडी घेऊन निघताना तुमचे आभार मानले खरे, पण तेव्हा तुम्ही दुसऱ्या गाडीखाली शिरत होता आणि माझं बोलणं घाईत आटोपलं. म्हणून हे पत्र. ते मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. चिखलात, दगडधोंड्यांत, ओढ्याच्या पाण्यात गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला तुमची तपासायची रीत माहीत असायला हवी, असं मला फार वाटतं.

माझ्या तक्रारी दोन होत्या. मागच्या एक्सलखाली तेल पडत होतं आणि गाडीने वेग घेतला की मागून घरघर यायची. तेलासाठी याआधी एका ठिकाणी सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलून झालं होतं, पण थोड्याच दिवसांत गळती पुन्हा सुरू झाली. आवाज टायरचा असेल, असं सांगून तो विषय तिथेच संपवला गेला होता. मोठ्या खाचांचे टायर घरघरतात हे खरं, त्यामुळे मलाही ते पटण्यासारखं वाटलं.

तुम्ही मात्र पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारलेत. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनच्या? वळताना बदलतो का? ॲक्सिलरेटर सोडला की काय होतं? ब्रेक दाबल्यावर? मग स्वतः चालवायला बसलात. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन गाडी न्यूट्रलला टाकलीत. इंजिन मंदावलं तरी घरघर तशीच राहिली, म्हणजे इंजिन आणि क्लच यादीतून गेले. डावीकडे-उजवीकडे हलके झोके दिलेत, कारण चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर त्या बाजूवर भार आला की आवाज वाढतो. तो वाढला नाही. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला तरी असाच घासल्यासारखा आवाज येतो, म्हणून पुढच्या चाकांशी तेही पाहिलंत. पण ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना आवाजाचा सूर स्पष्ट बदलत होता, आणि तिथेच तुम्ही म्हणालात, "पिनियनकडे बघायला पाहिजे." पिनियन म्हणजे इंजिनाकडून आलेलं फिरणं मागच्या एक्सलमध्ये नेणारं छोटं दातेरी चाक.

गळतीच्या बाबतीतही तीच शिस्त. खाली पडलेला थेंब बोटांवर घेऊन चोळलात, वास घेतलात, मलाही घ्यायला लावलात. घट्ट, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास, म्हणजे गिअर ऑइल. ब्रेक ऑइल पातळ असतं, कूलंटला गोडसर वास येतो, एसीखाली पडतं ते नुसतं पाणी. मग डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना फिरणं वाटून देणाऱ्या दातेरी चाकांचं, हौसिंग धुऊन कोरडं केलंत, वर टाल्कम पावडर भुरभुरलीत आणि गाडी फिरवून आणलीत. चालत्या गाडीचा वारा तेल मागे मागे पसरवतो, त्यामुळे सगळ्यात जास्त ओली जागा फसवते. सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, हे तुमचं सांगणं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. पांढऱ्या पावडरीत तेलाची काळपट रेघ पिनियनच्या सीलपासूनच निघाली होती.

दुसरा कुणी असता तर इथे पुन्हा नवीन सील ठोकून गाडी हातात दिली असती. तुम्ही विचारलंत, नवं सील इतक्या लवकर का हरलं? आणि हात थेट एक्सलच्या वरच्या ब्रीदरकडे, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या तोंडाकडे, गेला. ती एवढीशी टोपी वाळलेल्या चिखलाने गच्च बुजली होती. चालताना एक्सल तापतो, आतली हवा फुगते. तिला वरून वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठांतून तेल बाहेर ढकलते. तापलेला एक्सल थंड पाण्यात उतरला की उलटं होतं. आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. माझ्या गाडीत दोन्ही झालं होतं. तेल कमी झालं होतं आणि उरलेलं दुधट होतं. अशा तेलात पिनियनचं बेअरिंग टिकणार कसं? गळती आणि घरघर हे दोन आजार नव्हतेच.

तेल काढतानाही तुम्ही आधी भरायचा बोल्ट सैल केलात. तोच अडकून बसलेला निघाला तर तेल काढून टाकल्यावर नवं भरणार कुठून, इतकी साधी गोष्ट, पण ती आधी सुचायला अनुभव लागतो. खालच्या चुंबकाच्या बोल्टवर राखाडी लगदा होता. तो झिजेचा, चालायचाच. त्यातून तुम्ही नखाने एक चकचकीत पापुद्रा वेगळा काढलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. नंतर प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत फिरणं आणणारा लांब दांडा) सोडवून पिनियनची फ्लँज, म्हणजे तो दांडा जोडायची चकती, मला हाताने हळूहळू फिरवायला सांगितलीत. आत वाळू असावी तशी किरकिर बोटांना लागत होती. गाडीच्या आत बसून जे महिनोन्‌महिने नुसतं ऐकलं होतं ते त्या दिवशी हाताला कळलं.

पिनियनचा नट नुसता आवळून आवाज दाबणारे असतात. तुम्ही तसं केलं नाहीत याचे वेगळे आभार. बेअरिंगं नवी, क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपून बेअरिंगांवरचा दाब नेमका ठेवणारी नळी) नवी, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजून बसवलेली, डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) तपासलेला, दातांना पिवळी पेस्ट लावून घासणीचा ठसा पाहिलेला. मागचे ड्रम उघडून एक्सलच्या टोकाचं तेल ब्रेक शूजपर्यंत पोचलेलं नाही, याचीही खात्री केलीत. ते मी मागितलंसुद्धा नव्हतं. आणि ब्रीदरला लांब नळी जोडून तिचं तोंड वर, बोनेटखाली नेऊन बांधलंत.

गाडी आता मागून शांत आहे. तेव्हापासून पाण्यातून वाटा काढल्या, परत आल्यावर तेल पाहिलं. ते स्वच्छ आहे आणि पातळी भरायच्या छिद्राच्या काठाला लागून आहे. तुमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलाला तुम्ही प्रत्येक पायरीला "का?" विचारत होता. त्याला असंच शिकवत राहा, ही विनंती. ट्रान्सफर केसचं (पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचं) तेलही एकदा उघडून बघू म्हणाला होतात. त्यासाठी लवकरच गाडी घेऊन येतो.

तुमचा ऋणी,
मागच्या एक्सलच्या गळतीवाला