दोन टिपणे शेजारी शेजारी

धरमपेठ, नागपूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वाचनाचे टिपण उघडले की लेखाचा खर्डा नजरेआड होतो आणि खर्ड्याकडे परतेपर्यंत वाचलेले निसटते, असे तू लिहिले आहेस. तू याला किरकोळ गैरसोय म्हणतोस, पण मला ती किरकोळ वाटत नाही. ज्याच्या कामात तुलना आहे, त्याच्यासमोर दोन्ही मजकूर एकाच वेळी असलेच पाहिजेत. पत्रिका जुळवणारे गुरुजीसुद्धा दोन्ही कुंडल्या समोर मांडल्याशिवाय गुण मोजायला बसत नाहीत.

सध्या मी नागपूर करारावर, म्हणजे मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी केलेल्या करारावर, काम करतो आहे, त्यातलेच उदाहरण देतो. एका टिपणात २८ सप्टेंबर १९५३ च्या त्या कराराची कलमे आहेत आणि दुसऱ्यात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) चा, म्हणजे विदर्भ, मराठवाडा यांसारख्या भागांसाठीच्या विशेष तरतुदीचा, मजकूर. दोन्ही वेगवेगळे वाचले, तर एकच आश्वासन दोनदा दिल्यासारखे वाटते, कारण विकासाच्या निधीत वाटा, शिक्षणाच्या सोयी आणि सरकारी नोकऱ्या हे विषय दोन्हीकडे आहेत. पण डावीकडे करार, उजवीकडे अनुच्छेद ठेवून कलमामागून कलम जुळवत गेलो, तेव्हा डावीकडची काही कलमे जोडीदाराविना उरली. दरवर्षी विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरात भरवावे आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे असावे, असे करार सांगतो. अनुच्छेदात यांपैकी काहीही नाही. निधीचेही तसेच आहे. करार लोकसंख्येचे प्रमाण धरतो, तर अनुच्छेद समन्यायी वाटपाची गोष्ट करताना संपूर्ण राज्याच्या गरजांची अट घालतो. सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरते, ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न मला त्या उजवीकडच्या रिकाम्या जागेने विचारायला लावला. मजकुरात जे आहे ते आपण लक्षात ठेवू शकतो. जे नाही ते मात्र दुसरा मजकूर शेजारी असल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. म्हणूनच या सोयीबद्दल मी एवढ्या आग्रहाने लिहितो आहे.

ही गरज संगणकाच्या पडद्यापेक्षा जुनी आहे. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने जुलै १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती. सूक्ष्मचित्रफितीवर साठवलेले कागद मेजावरच्या पडद्यांवर दिसावेत, आणि ज्या दोन कागदांचा संबंध जोडायचा ते वाचकासमोर शेजारी शेजारी उमटावेत, असे त्यात होते. ते यंत्र प्रत्यक्षात आले नाही. पण संबंध जोडायचा तर आधी दोन्ही कागद दिसले पाहिजेत, हे त्यांनी अचूक हेरले होते.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी ऑब्सिडियन हे टिपणे ठेवण्याचे ॲप वापरतो. त्यात उघड्या टिपणाच्या टॅबवर राइट क्लिक करून ‘स्प्लिट राइट’ निवडले की पडदा दुभंगतो आणि उजव्या भागात हवे ते टिपण उघडता येते; टॅब ओढून पडद्याच्या उजव्या कडेला सोडला तरी तेच होते. ज्याचा आधार घ्यायचा ते टिपण मी डावीकडे ठेवतो आणि कंट्रोल व ई ही बटणे एकत्र दाबून ते केवळ वाचनासाठी करतो, म्हणजे चुकून एखादे अक्षर पुसले जाण्याची धास्ती राहत नाही. उजवीकडे खर्डा असतो आणि टंकन फक्त तिथेच होते. टिपण फार लांबलचक असेल, तर तेच दोन्ही भागांत उघडून सुरुवात आणि शेवट एकदम पाहता येतात. प्रस्तावनेत दिलेला शब्द समारोपात पाळला आहे की नाही, हे तपासायला याइतकी चांगली रीत मला माहीत नाही.

तुला ॲप बदलायचे नसेल, तरी अडत नाही. वननोटमध्ये ‘व्ह्यू’ खाली ‘न्यू विंडो’ आहे. ॲपलच्या नोट्समध्ये मॅकवर यादीतल्या टिपणावर डबल क्लिक केले की ते स्वतंत्र खिडकीत उघडते. गूगल कीप ब्राउझरच्या दोन खिडक्यांत उघडावे. मग विंडोज असेल, तर विंडोजचे बटण दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबला की खिडकी पडद्याच्या त्या अर्ध्या भागात नीट बसते.

तिसरे टिपण मात्र शेजारी उघडू नकोस. लॅपटॉपच्या पडद्यावर रकाने इतके अरुंद होतात की मराठीतला एखादा लांब सामासिक शब्द जवळजवळ पूर्ण ओळ अडवतो, आणि नजरही कुठे ठरत नाही. कडेची फाइलींची यादीसुद्धा मी मिटवून ठेवतो. फोनवर दोन ॲप एकावर एक ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून आहे. पण कीबोर्ड वर आला की वाचायला दोन-चार ओळीच उरतात, म्हणून फोनवर मी फक्त वाचतो, लिहीत नाही.

तुझ्या लेखातला जनगणनेचा तक्ता आणि त्याखालचे विवेचन सध्या एकाच टिपणात आहे. तक्ता वेगळ्या टिपणात काढ आणि विवेचनाच्या डावीकडे उघडून प्रत्येक आकडा पुन्हा ताडून पाहा. तसा तपासलेला खर्डा पाठवलास, की मी लगेच वाचीन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश