विमान पडलं, मी जमिनीवरच होते

आई, बाबा,

परवा फोन मध्येच कट झाला, म्हणून लिहितेय. बाबा, लग्नात फोटो काढतात ते चार पंख्यांचं ड्रोन वेगळं, आमचं नेहमीच्या विमानासारखं आहे, फोमचं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर. पोटात काडेपेटीएवढा पिक्सहॉक, म्हणजे विमान चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बसवलाय, लॅपटॉपवर नकाशात टिंबं द्यायची की ते आपलं आपण तिथून फिरून येतं. तरी एकजण रिमोट धरून उभा असतोच. इथे ४०० फुटांच्या वर न्यायचं नाही आणि नजरेआड जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे.

शनिवारी इंडियानातल्या एका कापणी झालेल्या मक्याच्या शेतात गेलो होतो, बोचरी थंडी आणि वारा तर विचारू नका. विमानाच्या पंखावर पुढे आलेली बारीक नळी असते, पिटो म्हणतात, समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाला आपला वेग कळतो. बॅटरी जोडताना ती झाकायची असते, कारण तेव्हा ते शून्य ठरवतं. बॅटरी मी जोडली आणि झाकायचं विसरले! बाबा, काट्यावर डबा ठेवून तुम्ही झीरो करता ना, तसं त्याने नळीत घुसणाऱ्या वाऱ्यालाच शून्य धरलं आणि मग वेग कमीच दाखवत बसलं.

हातातून सोडलं, मॅन्युअलवर मस्त चढलं. ऑटोवर टाकलं तर त्याला वाटलं वेग कमी पडतोय, आपण पडणार, म्हणून मोटर फुल आणि नाक खाली. रिमोटवाल्याने स्विच मारला, नाक उचललंही, पण खाली धसकटं होती त्यात पोटावर घासत गेलं. प्रोपेलर तुटला, डावा पंख सांध्यातून निघाला. गाडीत बसून लॉग, म्हणजे विमानाने ठेवलेली उड्डाणाची नोंद, उघडला तर नळीचा शून्याचा आकडा रोजच्यापेक्षा कितीतरी वर. कोणी एक शब्द बोललं नाही, त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई, तू ओटीत आलेले ब्लाउजपीस बॅगेत कोंबलेस आणि मी चिडले होते ना, त्यातल्या लाल खणाची नळीसाठी टोपी शिवलीय, खाली हातभर लोंबती पट्टी, विसरायला नकोच. टाके वाकडे आहेत, हसू नकोस. पंख चिकटवून झालाय, प्रोपेलर आला की परत जाणार.

आजीला नुसतं "विमान पडलं" असं सांगू नका हां, तिला वाटेल मी आत होते.

तुमची,
चिमी