एकाच आवृत्ती क्रमांकाखाली दोन निरनिराळे ड्रायव्हर दिल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या दूध संस्थेने आपल्याकडून घेतलेल्या संकलन संचातील फॅट मशीन आणि इलेक्ट्रॉनिक काटा हे आपणच पुरवलेल्या यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरमार्फत (सिरीयल जोडणीची उपकरणे यूएसबीला जोडणारा जोड) संगणकाला जोडलेले आहेत. विंडोजच्या एका अपडेटनंतर दोन्ही संगणकांवरचे कन्व्हर्टर बंद पडले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील उपकरणांच्या यादीत) कॉम पोर्टच्या म्हणजे त्या जोडणीच्या नावावर पिवळा त्रिकोण व ‘कोड 10’ (उपकरण सुरू होत नाही) दिसू लागला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. अपडेट आपल्या हाती नसते आणि दुरुस्त ड्रायव्हर, म्हणजे कन्व्हर्टर चालवणारे सॉफ्टवेअर, आपण तत्परतेने पाठवलात, हे मान्य आहे. तक्रार आहे ती त्या दुरुस्त ड्रायव्हरवर जुनाच आवृत्ती क्रमांक आणि जुनीच तारीख ठेवल्याबद्दल.

म्हशीच्या दुधाचा संगणक त्याच सुमारास नव्याने विंडोज टाकून घेतलेला असल्याने त्यावर आपला ड्रायव्हर निमूटपणे बसला आणि काम सुरू झाले. गायीच्या दुधाच्या संगणकावर मात्र तीच फाइल निवडून दिली असता, या उपकरणासाठीचा सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे, असा संदेश येत राहिला. आपल्या अभियंत्यांनी फोनवर दोन्ही संगणकांवरचा क्रमांक वाचून दाखवण्यास सांगितले. दोन्हीकडे 3.4.0.0 असल्याचे ऐकताच ड्रायव्हर बरोबर आहे, दोष केबलमध्ये आहे, असा निर्णय त्यांनी दिला. केबल बदलून आली, फरक पडला नाही. मग फॅट मशीनच्या पोर्टवर संशय घेण्यात आला. अभियंत्यांना मी दोष देत नाही. क्रमांक एकच असेल तर ड्रायव्हरही एकच असणार, हे गृहीत धरूनच कोणीही पुढचा तपास करणार, आणि तो क्रमांक असतोही त्यासाठीच.

शेवटी मी आपल्या जुन्या सीडीवरील आणि नव्या झिपमधील आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा याची माहिती असलेली फाइल) नोटपॅडमध्ये शेजारी शेजारी उघडल्या. ‘ड्रायव्हरव्हर’ या ओळीत आधी तारीख आणि मग चार भागांचा क्रमांक असतो. ती ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखी होती. मात्र सोबतच्या सिस फाइलचा, म्हणजे प्रत्यक्ष ड्रायव्हरचा, आकार वेगळा होता आणि डिजिटल सहीची तारीखही वेगळी होती. म्हणजे फाइल बदलल्यावर नव्याने सही घेण्याचे कष्ट कंपनीने घेतले, एक आकडा वाढवण्याचे मात्र घेतले नाहीत.

एकाच उपकरणाला सारख्याच जुळणाऱ्या दोन ड्रायव्हरांतून निवड करताना विंडोज आधी तारीख पाहते आणि तारीख सारखी असेल तर क्रमांक पाहते. दोन्ही सारखे असल्यावर नवा ड्रायव्हर अधिक चांगला ठरण्याचे कारणच उरत नाही व जुना जागेवर राहतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या अंगभूत ड्रायव्हरांवर 21 जून 2006 ही तारीख मुद्दाम ठेवते, ती उत्पादक कंपनीच्या ड्रायव्हरला प्राधान्य मिळावे म्हणूनच. इतके वजन त्या एका ओळीला आहे. आमच्या बाबतीत, डिव्हाइस मॅनेजरमधून उपकरण काढताना ‘ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाका’ या पर्यायावर खूण करून जुना ड्रायव्हर मुळासकट काढला आणि तीच झिप पुन्हा बसवली, तेव्हा गायीच्या दुधाचा संगणक चालू झाला. केबल आणि मशीन यांत कधीच दोष नव्हता.

दरम्यान गायीच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) हाताने वहीत लिहावे लागले. आमच्याकडे दर फॅट-एसएनएफच्या तक्त्यावर ठरतो आणि बिल दर दहा दिवसांनी निघते. छापील पावतीवरच्या 3.8 फॅटबद्दल कोणी शब्द काढत नाही. हाताने लिहिलेल्या 3.8 बद्दल मात्र सचिवाच्या टेबलासमोर उभे राहून विचारणा होते, आणि उत्पादकाचे त्यात काही चुकते असेही नाही.

तेव्हा सध्याचा दुरुस्त ड्रायव्हर नवा क्रमांक व नवी तारीख घालून पुन्हा प्रसिद्ध करावा, कारण आमच्यासारख्या आणखी संस्थांमध्ये जुनाच ड्रायव्हर दुरुस्त समजून चालू असण्याची दाट शक्यता आहे. डाउनलोडच्या फाइलीला ‘न्यू’ आणि ‘फायनल’ अशी नावे न देता तिच्या नावात तोच क्रमांक असावा, प्रत्येक क्रमांकात काय बदलले हे दोन ओळींत लिहावे आणि आधीच्या आवृत्त्याही संकेतस्थळावर उपलब्ध ठेवाव्यात, म्हणजे एखादी नवी आवृत्ती चालली नाही तर मागे जाता येईल. आणखी एक बाब अशी की, बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या आमच्या दोन कन्व्हर्टरांच्या हार्डवेअर आयडीमध्ये (विंडोजला दिसणाऱ्या उपकरणाच्या ओळखीत) ‘आरईव्ही’पुढचा, म्हणजे उपकरणाच्या सुधारित आवृत्तीचा, आकडा वेगळा आहे. कोणत्या आकड्याच्या कन्व्हर्टरला कोणत्या क्रमांकाचा ड्रायव्हर चालतो, याचा तक्ता आपण द्यावा. तो फोनवरच्या आपल्या अभियंत्यांनाही लागेलच.

बदललेल्या केबलचे आकारलेले शुल्क परत मिळावे. वार्षिक देखभाल कराराचे बिल संचालक मंडळाच्या पुढील सभेत मंजुरीसाठी येणार असून, तोपर्यंत आपले लेखी उत्तर मिळाल्यास ते बिलासोबत मंडळापुढे ठेवता येईल. दोन्ही आयएनएफ फाइली आणि दोन्ही संगणकांवरची स्क्रीनचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला विश्वासू,
सचिव,
प्राथमिक दूध उत्पादक सहकारी संस्था,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर